दुसरं टाचण

"सोनाली. वाचन पहिलीचं. आईला लिहिता-वाचता येत नाही. कंपनीत लागताना सातवी पास सांगितलं आहे. ही गोष्ट कुणाला कळू द्यायची नाही."

ही वाक्यं माझी. माझ्या हातची, माझ्या अक्षरातली. आमच्या मुख्याध्यापकांनी ती शनिवारच्या पालकसभेत माईकवर वाचली. शेवटच्या वाक्यासकट.

शाळेपुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये शंभरेक माणसं सतरंज्यांवर बसली होती. बायका एका अंगाला, बापे एका अंगाला. पुढं टेबल, टेबलामागं खुर्च्या. मधल्या खुर्चीवर आप्पा. आप्पा म्हणजे आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष. नदीकाठची बागायत त्यांची, आणि रांजणगावच्या कंपन्यांना माणसं पुरवायचा ठेकाही त्यांचाच. गावातून दर पाळीला जी गाडी सुटते ती त्यांची. सोनालीची आई त्याच गाडीनं कामाला जायची. तिला मी इथं कल्पना म्हणणार आहे. ती बायकांच्या तिसऱ्या ओळीत बसली होती. दुपारच्या पाळीला जायचं म्हणून कंपनीचा निळा कोट घडी करून मांडीवर घेतलेला.

सर वाचून थांबले. बाप्यांच्या बाजूनं कुणीतरी फिसकन हसलं. आप्पांनी मान वर केली.

"आरं तिच्या! सातवी पास म्हनून लावलीय की हिला," आप्पा म्हणाले. "आमालाच टोपी घातली व्हय?"

मग सगळे हसले. आप्पा हसले की हसायचं, ही आमच्या गावची रीत आहे. कल्पना हसली नाही. तिनं सरांकडं बघितलं नाही, आप्पांकडंही नाही. तिनं माझ्याकडं बघितलं.

मी बाकीच्या शिक्षकांबरोबर बाजूला उभी होते. तिथूनच म्हणाले, "सर, ती वही वाचायची नव्हती."

"बसा बाई," सर म्हणाले. "पोरांच्या भल्याचंच चाललंय."

मी बसले.

ती वही काय होती ते सांगते. शिक्षकाला टाचण काढावं लागतं. उद्या कोणता धडा, काय शिकवणार, कोणतं साहित्य, कोणते प्रश्न, हे आधी वहीत लिहायचं आणि मुख्याध्यापकांची सही घ्यायची. हे टाचण सगळ्या वर्गाला एकच असतं. त्या वहीत वर्गातली झाडून सगळी पोरं एकाच घरात जन्मलेली असतात, एकच बोली बोलतात, सकाळी एकसारखी न्याहारी करून येतात. बरेच जण ते गाइडातून उतरवतात. मीही उतरवलंय, खोटं कशाला बोलू.

माझ्या चौथीच्या वर्गात एकेचाळीस पोरं. त्यात बागायतदारांची, ज्यांना शिकवणी लावलेली आहे. त्यात बिहार-यूपीकडून कंपनीत आलेल्यांची, ज्यांना पंचावन्न म्हणजे आपलं 'पचपन' हे उमजेपर्यंत फळ्यावरची बेरीज पुसलेली असते. आणि त्यात आमच्या धनगरांची. आमची बहुतेक घरं आता शेती करतात, पण दोन-चार घरं अजून दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणाकडं निघतात. दिवाळीला गेलेलं पोर जूनमध्ये परत येतं तेव्हा वर्गाचं पुस्तकच बदललेलं असतं. हे सगळं एका टाचणात कुठून बसायचं?

म्हणून मी दुसरं टाचण काढायला लागले. ते कुणी सांगितलेलं नव्हतं, त्यावर कुणाची सही नव्हती. धडा तोच, पण कुणाला कुठून धरायचं ते त्यात लिहायचे. धनगराच्या पोराला इसानं मोजू द्यायचं, म्हणजे वीस-वीसचे ढीग करून, आणि त्याच ढिगांवरून दहा-दहावर आणायचं. बिहारच्या मुलीनं आकडा हिंदीत म्हणायचा, शेजारणीनं मराठीत, मग दोघींनी अदलाबदल करायची. शिकवणीवाल्यांना तीच बेरीज उलटी करून कोडं घालायचं, म्हणजे त्यांनाही डोकं खाजवावं लागतं. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, अशी गत. जनगणना आम्ही करायची, निवडणूक आम्ही करायची, खिचडीचा तांदूळ आम्ही मोजायचा आणि वर हे. पण वर्ग हलायला लागला होता. मला मजा यायला लागली होती.

यासाठी पोराचं घर माहीत असावं लागतं. मी घरोघर जायचे, विचारायचे, लिहून ठेवायचे.

सोनालीनं पुस्तक उघडलं की तिचं पोट दुखायचं. रोज. एकदा तिच्या वहीच्या मागच्या पानावर मला 'हातमोजे घाला' असं दिसलं. लिहिलेलं नव्हतं, चित्र काढावं तसं काढलेलं होतं. काना एकीकडं, मात्रा भलतीकडंच. कुठून आणलंस विचारलं तर म्हणाली, आईनं सांगितलं. मी तिच्या घरी गेले. कल्पना मागच्या अंगणात भांडी घासत होती. राखेचा हात तसाच ठेवून म्हणाली, "बाई, कंपनीत समद्या भितींवर लिवलेलं असतंय. मला वाचाया येत न्हाई. मी ध्यानात ठिवून येती आन् पोरीला बोटानं काढून दावती. ती म्हनती, आई, ह्ये असं असंल. पन तिलाबी कुठं येतंय."

मायलेकी दोघी एकाच ठिकाणी अडून बसल्या होत्या. मी तेच सोनालीचं पुस्तक केलं. थांबा. हात घालू नका. आधी मशीन बंद करा. धड्यातलं जे अक्षर शिकवायचं ते मी कल्पनाच्या कंपनीच्या भिंतीवरून घ्यायचे. सोनालीनं ते शिकायचं, घरी जाऊन आईला शिकवायचं आणि आईला आलं का ते मला येऊन सांगायचं. पोरगी मास्तरीण झाली. आई चुकली की हिला राग यायचा. दिवाळीच्या आत तिनं स्वतःहून पुस्तक उघडलं आणि पोट दुखलं नाही.

कल्पना मला रस्त्यात भेटली तेव्हा तिचं तोंड फुललं होतं. "बाई, परवा म्या बोर्ड वाचला. कुनी सांगितला न्हाई. मीच वाचला." मग इकडंतिकडं बघून हळूच म्हणाली, "पन ठेकेदाराला कळू देऊ नका बरं का. लागताना सातवी सांगितलीया."

मी म्हटलं, "नाही कळणार."

आणि घरी येऊन लिहून ठेवलं. का लिहिलं? मला अजून धड सांगता येत नाही. टाचण पुरं असावं म्हणून असेल. चार बुकं शिकलेल्या माणसाला सगळं कागदावर आणायची खोड लागते. वर शहाणपणानं लिहिलं, कुणाला कळू द्यायची नाही. आणि वही कपाटात ठेवून कुलूप लावलं.

कुलूप मीच उघडलं. सरांसाठी.

सर म्हणजे आधी माझे गुरुजी. मी आठ-नऊ वर्षांची असताना आमचा तळ दौंडकडच्या एका गावाबाहेर असायचा. बापानं थोडी जमीन केली होती, थोडी मेंढरं राखली होती. ना धड इकडं, ना धड तिकडं. मला शाळेत घातलं. गुरुजी तेव्हा तिशीचे, नवीन. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "मेंढरं किती गं तुमची?" मी म्हणाले, "तीन इसा आन् सात." सगळा वर्ग खिदळला. गुरुजीही हसले. मग म्हणाले, "मोजू द्या तिला तसंच." आणि त्यांनी मला दाराशी बसवलं. दारातून माळ दिसायचा. आईनं हाक मारली की मी उठून जायचे. गुरुजी कधी रागावले नाहीत.

ही गोष्ट मी आयुष्यभर सांगत आले. डी.एड.ला सांगितली. शिक्षकदिनाला सांगितली. माझ्या गुरुजींनी मला माझ्या आकड्यात मोजू दिलं, मला दाराशी बसवून मोकळं ठेवलं, म्हणून मी शाळेत टिकले. ऐकणाऱ्या बायका डोळे पुसायच्या. तेच गुरुजी मुख्याध्यापक होऊन आमच्या शाळेत आले तेव्हा मी सगळ्या शाळेला पेढे वाटले. वर्गात जे करत होते ते त्यांच्याकडूनच शिकले असं मी मानत होते. त्यामुळं एक दिवस ते माझ्या वर्गात येऊन बसले आणि जाताना म्हणाले, "बाई, तुमची ती वही दोन दिवस बघायला द्या, मोठं काम केलंय तुम्ही," तेव्हा मी धावत जाऊन दिली. दोन्ही हातांनी दिली.

दोन दिवसांचे दहा झाले. मी मागितली नाही. सर वाचतायत याचाच अभिमान.

तर पालकसभा. पाच-सहा पालकांची तक्रार होती की बाई मागच्या पोरांतच अडकून पडतात, आमची पोरं शिष्यवृत्तीला कशी बसायची. त्यातले तिघं आप्पांच्या भावकीतले. त्यावर सरांनी तोड काढली होती. सोमवारपासून चौथीची 'ब' तुकडी. चौदा पोरं वेगळी. "आणि ही नावं मी ठरवलेली नाहीत," सर माईकवर म्हणाले, "वर्गशिक्षिकेनं स्वतः लिहून ठेवलीत. एकेकाचं कारण लिहिलंय." मग कारणं वाचली. कुणाचा बाप पितो. कुणाची आजी आजारी. कुणाच्या घरी मराठी नाही. सातवं नाव सोनालीचं.

पोराला आत घ्यायला लिहिलेला एकेक शब्द त्यांनी त्याच पोराला बाहेर काढायला वापरला. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच असावं.

मागून एका बापानं विचारलं, "मंग त्या 'ब'ला शिकवनार कोन?"

आप्पा म्हणाले, "ह्याच की बाई. त्यांचीच मानसं हायती. त्यांस्नीच जमतंय त्ये."

मी वर बघितलं. वाटलं, सर आता काहीतरी बोलतील. ते बोललेच. हसत हसत, मायेनं, माझ्याकडं हात करून.

"ह्या बाई माझ्याच विद्यार्थिनी," सर म्हणाले. "मेंढरामागची पोर. तीन वर्षं मी हिला दाराशी बसवली. उठली काय, गेली काय, बाकीच्या वर्गाला तोशीस नको. इसानं मोजायची. म्हटलं मोजू दे, हिला कुठं पुढं जायचंय! आता बघा. झाली का नाही मास्तरीण? वेगळं बसवलं म्हणून कुणाचं वाटोळं होत नसतं."

टाळ्या पडल्या. शंभर माणसांनी टाळ्या वाजवल्या. आणि माझे हात आपोआप जोडले गेले. त्या सभेत, त्या माणसापुढं, मी बसल्या जागेवरून नमस्कार केला. सवयीनं. पंचवीस वर्षांच्या सवयीनं.

त्या नमस्काराची मला जेवढी लाज वाटते तेवढी जन्मात कशाची वाटली नाही. आप्पांनी 'त्यांचीच मानसं' म्हटलं त्याची नाही. ते परके, त्यांच्याकडून वेगळी अपेक्षाच नव्हती. पण हा माणूस माझा होता. याच्या एका वाक्यावर मी आख्खं आयुष्य उभं केलं होतं, आणि ते वाक्य त्यानं मला टाकून देताना म्हटलेलं होतं. हिला कुठं पुढं जायचंय.

घरी गेले तर चहाही करवेना. ओट्याला टेकून उभी राहिले आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून आठवून बघितलं. मग मला शंभरपर्यंत आकडे कुणी शिकवले? गुरुजींनी नाहीच. कधीच नाही. आठवलं ते असं. दिवाळी झाली, तळ हलला, आम्ही शिरूर ओलांडून पुण्याच्या रस्त्यानं मेंढरं घेऊन चाललो होतो. कडेला किलोमीटरचे दगड. पुणे ६७. तो आकडा मला वाचता येत नव्हता. बापाला विचारलं तर बाप म्हणाला, मला काय ठावं. चालत चालत पुढचा दगड आला, ६६. मग ६५. मी बघत होते की मागचा आकडा एकेक उतरतोय आणि पुढचा हलत नाही. तो हलला ते साठ गेल्यावर. दुसऱ्या दिवशी शिक्रापूरच्या अलीकडं मी आईला म्हणाले, "आये, पुढच्या दगडावर काय असंल ते मी सांगू?" आणि बरोबर सांगितलं. पायांनी शिकले मी दशक आणि एकक. जूनमध्ये परत शाळेत गेले आणि पाटीवर ६७ लिहून गुरुजींना दाखवलं. ते म्हणाले, "बरं बरं, बस जा." मी दाराशी जाऊन बसले. त्या 'बरं बरं'लाही मी इतकी वर्षं शाबासकी समजत होते.

रविवारी सकाळी कल्पनाकडं गेले. ती अंगणातच होती. शनिवारी दुपारी ती गाडीत चढायला गेली तर आप्पांच्या मुकादमानं खाली उतरवलं होतं. सातवीचा दाखला घेऊन ये, मग बस म्हणाला. दाखला कुठला आणणार?

मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "बाई, म्या तुमाला सांगितलं व्हतं. गावाला न्हाई."

मी म्हटलं, "सोनालीसाठीच लिहिलं होतं गं. तिला कसं शिकवायचं ते..."

"तुमाला ठावं व्हतं न्हवं? मंग झालं की. लिवलं कशापायी?"

मी माफी मागितली. तिनं ती घेतली नाही. आत सोनाली होती, तिचे पाय मला उंबऱ्यापलीकडं दिसत होते. मी हाक मारली. पाय आत गेले.

"तिला न्हाई धाडायची साळंत," कल्पना म्हणाली. "पोरं म्हनत्यात, तुजी आय ठार आडानी. जावा तुमी."

मी गेले. रस्त्यानं येताना मनात सारखा हिशेब मांडत होते की यात सर किती, आप्पा किती आणि मी किती. शेवटी तो नाद सोडला. सरांनी माझा विश्वास मोडला, हे खरं. मी कल्पनाचा मोडला, हेही तेवढंच खरं. त्यांच्या पापानं माझं धुतलं जात नाही.

सोमवारी परिपाठ झाला. सरांनी चौदा नावं पुकारली. तेरा पोरं उठली, दप्तरं उचलली. त्यांना जायचं होतं कोठीत, जिथं खिचडीचा तांदूळ आणि मोडकी बाकं ठेवतात. बिहारची मुलगी जाताना शेजारणीला म्हणाली, "तू नहीं आ रही?" शेजारीण म्हणाली, "माझं नाव नाही घेतलं." त्या दोघी जूनपासून एका बाकावर बसत होत्या.

सरांनी मला ऑफिसात बोलावलं. टेबलावर कागद. 'वर्गशिक्षिकेच्या लेखी निरीक्षणानुसार खालील विद्यार्थ्यांची स्वतंत्र तुकडी करण्यात येत आहे.' खाली माझं नाव टाईप केलेलं, वर सहीला जागा.

"सही करा बाई."

"नाही करणार."

"हे बघा, तुमचंच निरीक्षण आहे."

"वही माझी आहे. हा कागद तुमचा आहे. आणि वही परत द्या."

सरांनी चष्मा काढला. अहो-जाहो संपलं. "तू कुणाशी बोलतेस कळतंय का? मी घडवलं तुला. नाहीतर आज मेंढरामागं असतीस."

मला वाटलं होतं मी रडेन. नाही रडले. आवाजही चढला नाही. "मेंढरामागंच शिकले मी, सर. तुमच्या वर्गात नुसती बसले होते."

मला वाटतं त्यांना खरोखरच कळलं नाही मी काय म्हणाले ते. त्यांच्या लेखी त्यांनी माझं भलंच केलं होतं. अशा माणसाशी भांडण करणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मी टेबलावरची वही उचलली आणि बाहेर आले.

कोठीत जाऊन तेरा पोरांना म्हटलं, चला. वर्गात जाऊन बाकीच्यांना म्हटलं, तुम्हीही चला. सगळ्यांना शेडमध्ये आणलं, गोल करून बसवलं. आप्पांच्या भावकीतला पोरगा म्हणाला, "बाई, आमाला शिष्यवृत्तीचं हाय." म्हटलं, "तेच घेणार आहे. बस." त्या दिवशी अपूर्णांक घेतला. एका भाकरीचे चार वाटे, आठ वाटे. पोळी खाणाऱ्यांना पोळी, लिट्टीवाल्यांना लिट्टी. सर व्हरांड्यात उभे राहून बघत होते. मी त्यांच्याकडं पाठ केली आणि शिकवत राहिले. चाळीस पोरं होती. एकेचाळिसावी घरात होती.

पाचव्या दिवशी शाळा समितीची नोटीस आली. वर्गव्यवस्थेत अडथळा आणला, वरिष्ठांचा अवमान केला, सात दिवसांत लेखी खुलासा द्यावा, अन्यथा. शेजारच्या वर्गाच्या बाई म्हणाल्या, "माफी लिहून टाक ना. आपलेच दात, आपलेच ओठ. गुरू आहेत ते तुझे." त्या वाईट नाहीत. त्यांची दोन पोरं कॉलेजात आहेत, त्यांना नोकरी सांभाळायची आहे. मलाही सांभाळायची आहे. भीती मलाही वाटते, सकाळी उठल्याबरोबर वाटते.

मी वहीतली ती पानं घेऊन कल्पनाकडं गेले. ती आता कांद्याच्या चाळीवर निवडायला जाते. दुपारच्या सुट्टीत झाडाखाली बसली होती. म्हटलं, "ही तुमची पानं. तुम्हीच फाडा." तिनं एकेक पान बघितलं. वाचत होती. ओठ हलत होते. 'आईला लिहिता-वाचता येत नाही' हे वाक्य तिनं बोटाखाली धरून सबंध वाचलं, आणि मग फाडलं.

त्यानंतर मी तिला विचारलं की जे झालं ते मी लिहू का. ती कांदे निवडल्यासारखे हात हलवायला लागली.

"माजं नाव न्हाई लिवायचं. कल्पना लिवा. पोरीचंबी दुसरं लिवा."

सुरुवातीला दिलेल्या वहीतल्या ओळींतही मी नाव बदललं आहे ते तिच्याच सांगण्यावरून. लिहून झाल्यावर तिला सगळं वाचून दाखवलं. तिनं दोन वाक्यं काढायला लावली. काढली. मग म्हणाली, "सभंत सरानं बसा म्हनलं आन् तुमी बसला. त्ये लिवलंय का?"

ते लिहिलेलं नव्हतं. ते मी नंतर घातलं.

सोनाली अजून शाळेत येत नाही. मी दर रविवारी जाते. कल्पना ये म्हणत नाही, जा असंही म्हणत नाही. मी वही नेत नाही, पेन नेत नाही. यापुढं कुठल्याही पोराच्या घरातलं एक अक्षरही मी त्या घराला विचारल्याशिवाय लिहिणार नाही. आणि लिहिलं तर त्यांना वाचून दाखवीन, खाडाखोड करायची मुभा त्यांना.

सातव्या दिवशी खुलासा लिहिला. कच्चा लिहिला नाही, एकदम पक्काच लिहिला. 'एका पालकाला दिलेला शब्द मी मोडला. तो माझा अपराध आहे. त्याची शिक्षा मला द्यावी, तिला कामावर परत घ्यावं. माझ्या वहीवरून केलेली तुकडी मला मान्य नाही. एकेचाळीस मुलं जिथं एकत्र बसतील तिथंच मी शिकवीन. वेगळ्या खोलीत एकालाही बसवणार नाही, मग ते कुणाचंही असो. तसेच, मुख्याध्यापक हे माझे गुरू आहेत असं मी आजवर अनेक ठिकाणी, अनेक वेळा जाहीरपणे सांगितलं आहे. ते विधान मी मागे घेत आहे.'

खाली सही केली. पूर्ण नावानं. शाळेच्या क्लार्कनं कागद घेतला, शिक्का मारण्याआधी उभ्या उभ्या वाचला. शेवटच्या ओळीशी आला आणि माझ्याकडं बघायला लागला.

"बाई, ह्ये असंच आत देऊ व्हय?"

"असंच द्या," मी म्हटलं. "आणि पोच द्या."